पाचोळा : यंत्राने की खराट्याने?

पानगळीच्या दिवसांत दादर, परळच्या जुन्या वृक्षांखाली पाचोळ्याचा थर साचतो. तो हटविण्यासाठी हवेचा झोत सोडणारे ‘लीफ ब्लोअर’ हे यंत्र आता सहज उपलब्ध आहे. यातील पंखा हवा ओढून ती अरुंद नळीतून वेगाने बाहेर फेकतो. हलकी, वाळलेली पाने पुढे सरकतात. पावसाळ्यातील ओली पाने मात्र जागची हलत नाहीत.

तथापि, हाच झोत जमिनीवरील बारीक धूळही उडवितो. गिरगाव, लालबागच्या चाळींत चौक अरुंद आणि सभोवती सज्जे. तेथे ही धूळ वरच्या बिऱ्हाडांत शिरते व दम्याच्या रुग्णांना जाचते. अशा ठिकाणी खराटाच उत्तम.

प्रशस्त आवारात यंत्र वापरताना नळी जमिनीलगत व घरांच्या विरुद्ध दिशेस धरावी. चष्मा व मुखपट्टी वापरावी. सन २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. परळच्या केईएम, टाटा, वाडिया रुग्णालयांच्या परिसरात तर विशेष संयम हवा. पेट्रोलपेक्षा बॅटरीचे यंत्र सामान्यतः कमी आवाज करते.

गोळा केलेला पाचोळा जाळू नये. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यासह तो खड्ड्यात कुजविल्यास काही महिन्यांत बागेला उत्तम खत मिळते.