डायनॅमो, कटआउट आणि लाल दिवा

मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग आणि जुना सहा नंबरचा (आताचा ५३ क्रमांकाचा) राष्ट्रीय महामार्ग, दोन्ही मलकापुरातून जातात. कापसाच्या गाड्या, मालट्रक आणि ट्रॅक्टर यांच्या गर्दीत इथल्या वायरिंगवाल्यांना कामाची वाण नाही. त्यात मधूनच एखादी जुनी अँबॅसिडर येऊन उभी राहते. तक्रार ठरलेली असते: "बॅटरी नवी टाकली, तरी सकाळी उतरलेलीच!"

पण बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. तिला भरणारं यंत्र दुसरंच आहे आणि दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे दिवस सरू लागले. स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे ती भरण्याची सोय हवी. ते काम डायनॅमोकडे गेलं. मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर १९५८ पासून भारतात बनू लागलेली अँबॅसिडर हीच व्यवस्था घेऊन आली. तिच्या वीजयंत्रणेचं वळण ल्युकास या इंग्रज कंपनीचं. १९६१ मध्ये ल्युकास-टीव्हीएस स्थापन झाल्यावर असे सुटे भाग देशातच बनू लागले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या जुन्या फियाटमध्येही डायनॅमोच होता.

फॅन बेल्ट डायनॅमोचं आर्मेचर फिरवतो. भोवतीच्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वामुळे त्यात किंचित वीज निर्माण होते. तीच फील्ड कॉइलमध्ये गेली की चुंबकत्व वाढतं आणि वीजही वाढते. कम्युटेटरवर टेकलेले दोन कार्बन (ब्रश) ती बाहेर आणतात. ती बेसुमार वाढू नये म्हणून रेग्युलेटर फील्डचा प्रवाह आवरतो. रेग्युलेटरच्याच डबीत शेजारी कटआउट असतो. डायनॅमोचा दाब साधारण १३ व्होल्टपर्यंत चढला की त्याचे पॉइंट जुळतात, आणि इंजिन मंदावलं की सुटतात. विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह पाणी परत खाली जाऊ देत नाही, तसं कटआउट बॅटरीची वीज डायनॅमोत परत जाऊ देत नाही. पॉइंट चिकटले तर उभ्या गाडीतही बॅटरी डायनॅमोतून रिकामी होते आणि तारा तापतात. अशा वेळी आधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं, बाकीचं नंतर.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला डायनॅमो. दोन्हींकडचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. मात्र विझलेला दिवा म्हणजे भरपूर चार्जिंग, असं समजू नये. कटआउट जुळला, एवढंच तो सांगतो.

म्हणून तपासणी क्रमानेच करावी लागते. आधी बेल्ट: मधोमध अंगठ्याने दाबला की अर्धा इंच लवावा. मग बॅटरीची टर्मिनलं आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी. त्यावर पांढरी बुरशी असेल तर पुढचं कोणतंच माप खरं येत नाही. त्यानंतर डायनॅमोची पाळी. त्याच्या 'डी' आणि 'एफ' या दोन्ही तारा काढायच्या, ती दोन टोकं एका तुकड्याने जोडायची, तिथे मीटरची एक तार आणि दुसरी बॉडीला. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवला की काटा न थरथरता वर चढला पाहिजे. वीस व्होल्टच्या पुढे मात्र जाऊ द्यायचा नाही. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडला तर संशय फील्ड कॉइलवर. चार-पाचवर अडला तर आर्मेचरवर. हललाच नाही तर कार्बन आणि त्यांच्या स्प्रिंगा बघायच्या. काटा नीट चढला, तर डायनॅमो निर्दोष. मग दोष तारांत किंवा कटआउटच्या डबीत.

गाडी बरेच महिने पडून असेल, तर डायनॅमो चांगला असूनही उठत नाही, कारण उरलेलं चुंबकत्वच गेलेलं असतं. बॅटरीच्या जिवंत टोकाची तार 'एफ'ला क्षणभर टेकवली, ठिणगी उडाली, की ते परत येतं.

या यंत्राचं मोठेपण असं की जवळपास सगळं उघडता येतं. कार्बन घासून बसवता येतात. काळवंडलेला कम्युटेटर खरादावर साफ होतो. त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पाऊण मिलिमीटरभर खाली घ्यावा लागतो, नाहीतर कार्बन उड्या मारतात. आर्मेचर जळलं तरी फेकायचं कारण नाही. विहिरींच्या मोटारी भरून देणारे कारागीर या भागात आहेत, आणि तार गुंडाळण्याची विद्या तीच.

मर्यादाही आहेत. दोन हेडलाइट ४५ वॅटचे धरले तरी साडेसात अँपिअर लागतात. त्यात इग्निशन आणि मागचे दिवे. डायनॅमो जास्तीत जास्त २०-२२ अँपिअर देतो, तेही वेगात. आयडलवर तो जवळपास काहीच देत नाही. म्हणून रात्री हेडलाइट लावून ट्रकांमागे अडकलेली गाडी बॅटरीतून खर्च करत असते. राजूर घाटाने बुलढाण्याला चढताना, इंजिन वेगात असताना, तीच बॅटरी भरून निघते. उलट मे महिन्याच्या उन्हात रेग्युलेटर जादा सोडत असेल तर बॅटरीचं पाणी पटकन आटतं आणि बल्ब वारंवार उडतात.

आयडलवर वीज न मिळण्याचा दोष मिटवला अल्टरनेटरने. तो कमी वेगातही वीज देतो. १९६० च्या व्हॅलियंटपासून क्रायस्लरने तो वापरात आणला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. जुन्या गाडीलाही तो बसतो. पण बॅटरीची टोकं उलटी लागली तर त्यातले डायोड लगेच जातात, आणि पुष्कळदा तो उघडण्याऐवजी बदललाच जातो. रोज रात्री प्रवास असेल तर अल्टरनेटर घ्यावा. अधूनमधून गाडी काढणाऱ्याला डायनॅमो पुरतो; मात्र नवी बॅटरी घेण्याआधी दोन तारा काढून मीटर लावण्याची दहा मिनिटं द्यायला हवीत.