टपावरची काठी

सकाळी छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालेल्या टुरिस्ट गाडीत रेडिओ लागलेला असतो. आकाशवाणीचं १०१.७ फुलंब्रीपर्यंत खणखणीत वाजतं, सिल्लोडला थोडी खरखर सुरू होते आणि गाडी अजिंठ्याचा घाट उतरू लागली की गाणं तुटत तुटत जातं. मागच्या सीटवरच्या पाहुण्यांचा व्हिडिओ कॉलही तिथेच कुठेतरी गोठतो. मग बोल लावले जातात ते डोंगराला, नाहीतर मोबाइल कंपनीला. गाडीच्या टपाकडे कुणी वर मान करून पाहत नाही.

डोंगराचा दोष आहेच. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. प्रक्षेपणाचा मनोरा १०० मीटर उंच आणि गाडीच्या एरियलची काठी जमिनीपासून २ मीटरवर धरली, तर सपाट मुलखातही ही रेषा साधारण ४७ किलोमीटरवर जमिनीला टेकते. पुढे ऐकू येतं ते वाकून, विखरून आलेलं असतं. घाटाखाली उतरलं की तेवढंही पोचत नाही, कारण मध्ये अख्खी अजिंठ्याची रांग उभी असते. म्हैसमाळच्या माथ्यावर दूरदर्शनने मनोरा उभारला तो याच हिशेबाने.

पण गाडीचा स्वतःचाही एक दोष असतो, आणि तो मात्र हातातला आहे. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. लहरींना आत शिरायला वाट उरते ती काचांची. काचेवर धातूचा मुलामा असलेली फिल्म लावली की तीही अरुंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मला मनाई केली ती सुरक्षिततेच्या कारणाने. रेडिओ आणि फोनच्या दृष्टीनेही अशी धातूची फिल्म नसलेलीच बरी. आत सिग्नल कमी मिळाला की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी पूर्ण जोर लावतो. दिवसभराच्या सहलीत पाहुण्यांच्या फोनची बॅटरी दुपारीच उतरते, त्यामागचं हे एक मोठं कारण.

गाडीबाहेर एरियल आलं तेही पत्र्यामुळेच. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. त्या वेळी बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या टपाचा मधला भाग लाकूड आणि कापडाचा असे, आणि त्यात तारेची जाळी दडवली की एरियलचं काम भागे. १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला. जाळी निकामी झाली आणि काठी बाहेर आली. आपल्याकडे ती अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटशेजारी दिसायची: नळीतून नळी ओढून लांब करायची, उतरताना आठवणीने आत ढकलायची. विसरलं तर गल्लीतली पोरं ती वाकवून ठेवत. रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. तो जाच १९८५ पर्यंत चालला.

छत्रपती संभाजीनगरचं रेडिओशी नातं त्याहून जुनं आहे. निजामाच्या राज्यात दख्खन रेडिओची केंद्रं दोन होती, एक हैदराबादला आणि दुसरं इथे, तेव्हाच्या औरंगाबादला. १ एप्रिल १९५० रोजी दोन्ही आकाशवाणीकडे आली.

काठी किती लांब असावी, याचं उत्तर लहरीत आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १०१.७ ची लहर भरते २ मीटर ९५ सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर, ही एफएमच्या काठीची सोयीची लांबी. जुन्या गाड्यांची एरियलं साधारण तेवढीच का असत, ते यावरून उलगडतं. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झला ८ सेंटिमीटर पुरतात. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झला २ सेंटिमीटरच.

आता यातली खरी गोष्ट. काठी ही अर्धीच अँटेना असते. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. म्हणून टपाच्या मधोमध बसवलेली काठी चारी दिशांना सारखी चालते. मागच्या कडेला बसवली की तिचा कल एका बाजूला जास्त होतो. काठीचा तळ पत्र्याशी विजेने जोडलेला नसेल, तर महागातली काठीही कुचकामी. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून राहत्या गाड्यांची चर्चा वाढली आहे. अशा गाडीचा टप फायबरचा असेल, तर चुंबकाची अँटेना तिथे चिकटणारही नाही आणि तिला खालची अर्धी बाजूही मिळणार नाही. तिथे आतून धातूचा पत्रा द्यावा लागतो, किंवा पत्र्यावाचून चालणारी अँटेना घ्यावी लागते.

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाने आखूड, मागे झुकलेली काठी या शहराला रोजची केली. अशी काठी आखूड असून चालते, कारण तिच्यात तार गुंडाळलेली असते आणि बुडाशी छोटा अँप्लिफायर असू शकतो. पुढे शार्कच्या पंखाचा आकार आला. त्याच्या पोटात जीपीएस, फोन आणि रेडिओ यांच्या वेगवेगळ्या अँटेना दाटीवाटीने बसवता येतात. पण ॲक्सेसरीच्या दुकानात दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कित्येक पंखांच्या पोटात काहीच नसतं. खाली दुहेरी टेप, वर चकाकता रंग, आणि आत पोकळ. मूळची काठी काढून हा पंख चिकटवला की गाडी देखणी दिसते आणि रेडिओ सिल्लोडच्या बराच अलीकडे गप्प होतो. गिऱ्हाइकाने पंख हातात घेऊन उलटा करून पाहावा. खाली वायर किंवा धातूचा संपर्क दिसला नाही, तर ती फक्त शोभेची वस्तू आहे.

रेडिओ दुरुस्त करणारा जाणता माणूस आधी रेडिओला हात लावत नाही. तो इंजिन चालू ठेवून सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला चार्जर उपसतो. पुष्कळदा खरखर तिथेच थांबते. स्वस्त चार्जर, डॅशकॅम आणि एलईडी दिवे स्वतःच रेडिओ लहरींचा कचरा सोडत असतात. तेवढ्याने भागलं नाही, तर तो आतून टपाचं कापड सैल करून काठीचा नट फिरवतो. पावसाळ्यात रबराच्या वायसरखालून पाणी झिरपून तिथे गंज धरलेला असतो, आणि वरून मराठवाड्याची धूळ. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईतो घासायचा, नट आवळायचा, वायसर बदलायचं. वीस मिनिटांचं काम. ते करून दिलेली गाडी पुन्हा घाटाच्या तोंडापर्यंत गात जाते.

टेम्पो ट्रॅव्हलरला आणखी एक अडचण असते: टपावरचं लोखंडी कॅरियर. त्यावर बॅगा, ताडपत्री, दोरखंड. काठी त्याच्या दांड्यांमध्ये दबली की तिच्यापर्यंत लहर धड पोचत नाही. कॅरियर बसवतानाच काठी पुढे सरकवायला सांगावं. नंतर कुणी करत नाही.

फोनचा प्रश्न मात्र काठीने थेट सुटत नाही. पूर्वीच्या कित्येक नोकिया फोनच्या पाठीला रबरी बूच असे आणि त्याखाली बाहेरच्या अँटेनाची जागा. आजच्या फोनला ती नाही. म्हणून वाट वळसा घेऊन जाते: सिमकार्डाचा राउटर गाडीत, त्याची अँटेना टपावर, आणि आत सगळ्यांना वायफाय. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की बोलणंही त्यावरूनच होतं. ४जीचा राउटर एका वेळी किमान दोन अँटेनांवर ऐकतो, म्हणून टपावरून दोन केबली आल्या पाहिजेत. एक लावून दुसरी मोकळी सोडणं म्हणजे पैसे देऊन एक कान बंद ठेवणं. केबल जितकी लांब तितका तोटाही मोठा. नेहमीच्या आरजी-५८ केबलच्या सहा मीटरमध्ये ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ निम्मा होतो. राउटर पुढे डॅशबोर्डवर आणि अँटेना मागच्या टपावर, ही मांडणी म्हणूनच चुकीची.

ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर हा सोपा उपाय वाटतो. तो घेऊ नये. परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कुणालाही असा बूस्टर बसवायची कायद्याने मुभा नाही, आणि त्यामागे रास्त कारण आहे. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही मोठा करून टॉवरकडे फेकतो. त्या टॉवरवरच्या इतरांचे फोन त्यात बुडतात, आणि त्यात एखादा अपघाताची खबर देणाराही असू शकतो. बूस्टर नसतानाही चालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्या कंपनीची रेंज गेली तरी ११२ हा नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो.

लोणारला किंवा पितळखोऱ्याला तीन-चार गाड्या एकत्र निघाल्या तर वॉकीटॉकी कामाची. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची यंत्रं परवान्याशिवाय वापरता येतात. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड ५ वॉटपर्यंत २००५ पासूनच खुला आहे. बाकी पट्ट्यांना परवाना लागतो. हॅम रेडिओसाठी तर परीक्षाच द्यावी लागते. नियमात न बसणाऱ्या वॉकीटॉकी ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोक्यावर वारंवारता छापलेली नसेल तर यंत्र घेऊ नये.

काही अँटेना चालकाच्या नकळत गाडीत आलेल्याच आहेत. काचेवरचा फास्टॅग ही एक. त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरून आलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरीवर तो जागा होतो आणि उत्तर देतो. पत्र्यावर चिकटवला तर तो मुकाच. टॅक्सी परवान्याच्या नव्या गाड्यांत २०१९ पासून आलेलं पॅनिक बटण आणि ठिकाण कळवणारं यंत्र, त्यालाही उपग्रह दिसावे लागतात. सीटखाली किंवा पत्र्याच्या कप्प्यात कोंबलेल्या यंत्राला आभाळ दिसत नाही, आणि अडचणीतल्या बाईने बटण दाबलं तर गाडीचं ठिकाण चुकीचं जाऊ शकतं. फिटनेसला नेण्याआधी ते यंत्र कुठे बसवलंय हे मालकाने एकदा स्वतः बघावं.

अजिंठा लेण्यांसाठी गाडी थांबते त्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर मात्र यातलं काही कामाला येत नाही. पाहुणे एसटीच्या बसमधून चार किलोमीटर आत गेलेले असतात. वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, ७५ मीटरच्या आसपास उंच कातळाच्या पोटात ते लेणी बघत असतात, आणि त्यांच्या खिशातल्या फोनला गाडीच्या टपाचा काही उपयोग नसतो. म्हणून या रस्त्यावरचे मुरलेले चालक पाहुणे बसमध्ये चढण्याआधीच परतीची वेळ ठरवतात, आपला नंबर कागदावर लिहून देतात आणि गाडी कुठल्या झाडाखाली लावली आहे ते बोटाने दाखवून ठेवतात.