देखणे, पण तंटेखोर

चर्नी रोड स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, मरीन ड्राइव्हच्या कडेला १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जे तारापोरवाला मत्स्यालय खुले झाले, त्याच्या काचेला नाक लावून गिरगाव-परळच्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्राच्या पोटातील रंगसृष्टी पहिल्यांदा पाहिली. ते मत्स्यालय गेली काही वर्षे बंद आहे. पण ती रंगसृष्टी आपल्या दिवाणखान्यात असावी ही हौस काही बंद पडलेली नाही, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे उभा राहिलेला गृहस्थ बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘यातला सर्वांत रंगीत कोणता?’ वास्तविक त्याने विचारायला हवे ते असे, की यातला कोणता मासा शेजाऱ्याला जगू देईल. कारण प्रवाळांच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांत रूप आणि तंटेखोरपणा ही पुष्कळदा एकाच घरी नांदतात.

गोड्या पाण्यातील ‘फायटर’ एका बरणीत दोन ठेवू नयेत, हे लालबागचे शाळकरी पोरही जाणते. समुद्री माशांच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने फ्लोरिडाच्या समुद्रात आणि स्वतःच्या टाक्यांत या माशांचे निरीक्षण करून, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ज्यांचे रंग भित्तिपत्रकासारखे ठळक आणि दुरून ओळखू येणारे असतात, ते मासे स्वजातीयांवर सर्वांत त्वेषाने तुटून पडतात. तो रंग म्हणजे जातभाईला दिलेली ‘ही हद्द माझी, येथे येऊ नकोस’ अशी जाहीर नोटीसच होय. पुढील संशोधकांना हा सिद्धांत सर्व जातींना लागू पडताना दिसला नाही. तथापि हौशी माणसापुरता त्यातील व्यवहार अगदी खरा आहे. एका जातीचा एकच मासा ठेवावा, आणि भिन्न जातींचे असले तरी एकाच घडणीचे व एकाच रंगाचे दोन मासे एकत्र आणू नयेत. एम्परर एंजलचे पिल्लू गर्द निळ्यावर पांढरी वर्तुळे घेऊन वावरते आणि वयात आल्यावर तोच मासा निळ्या अंगावर पिवळे आडवे पट्टे धारण करतो. हा पालट इतका संपूर्ण, की एके काळी त्या पिल्लाला वेगळी जात समजून शास्त्रज्ञांनी निकोबार बेटांचे नाव दिले होते. पिल्लाचा वेष निराळा असल्यामुळे प्रौढ त्याला प्रतिस्पर्धी समजत नाही, असा एक तर्क आहे, आणि मला तो पटतो.

या साऱ्या मामल्यातील खरा नायक, किंवा खलनायक, म्हणजे डॅमसेल. दोन-तीन इंचांचा, विजेसारखा निळा ‘ब्लू डेव्हिल’, अथवा काळ्या मखमली अंगावर तीन शुभ्र ठिपके असलेला ‘डॉमिनो’ हा स्वस्त असतो, चिवट असतो, म्हणून नव्या टाकीत पाण्याची घडी बसेपर्यंतचे चार-सहा आठवडे तो सोडावा असा दुकानदारांचा जुना शिरस्ता आहे. अमोनियाने इतर मासे दगावतात तेथे हा तगतो, आणि तगतो म्हणूनच तेवढ्या अवधीत एकूण एक कपारींवर आपला अंमल बसवतो. पागडीच्या खोलीतील जुन्या भाडेकरूप्रमाणे त्याची वहिवाट एकदा सिद्ध झाली, की मागाहून आलेल्या, त्याच्याहून चौपट मोठ्या माशालाही तो कोपऱ्यात कोंडतो. त्याची तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे : पर ताठ उभारून तो आधी आडवा उभा राहतो, शेपटीने पाण्याचा झोत समोरच्याच्या अंगावर मारतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर थेट परांचे लचके तोडतो, काच पुसायला हात घातला तर मनगटालाही चावे घेतो. खुल्या समुद्रात डॅमसेलच्या काही जाती शेवाळाचा वीतभर मळा राखतात, आणि हरलेल्याला तेथून दहा हात दूर पळून जीव वाचवता येतो. काचेच्या चार भिंतींत पळायचे कोठे? तो उपाशी राहतो, भयाने खंगतो, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो, आणि मालक पाण्याला दोष देत बसतो.

यावरचा बंदोबस्त दाखल करण्याच्या क्रमात आहे. गरीब स्वभावाचे मासे प्रथम, तंटेखोर सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला असेल, तर नवा मासा आणण्यापूर्वी टाकीतील सारे दगड उपसून नव्याने रचावेत, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सर्वांनाच नव्याने कब्जा मिळवावा लागतो. नवागताला काही दिवस छिद्रांच्या पारदर्शक पेटीत त्याच पाण्यात ठेवावे, जुन्यांना पोटभर खाऊ घालावे, आणि सोडताना दिवे मालवावेत. काचेला बाहेरून आरसा टेकवून ठेवला, तर दांडगट मासा काही काळ स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत राहतो. ही युक्ती हास्यास्पद दिसते, पण पुष्कळदा लागू पडते.

निवडीपुरते बोलायचे, तर सहा रेघांचा चिमुकला सिक्सलाइन रास आणि जांभळा-पिवळा रॉयल डॉटीबॅक हे लहान टाकीचे दागिने आहेत, फक्त त्यांच्यानंतर काहीही नवे आणू नये. मरून क्लाऊनची मादी नराहून बरीच मोठी आणि घरावर हुकमत गाजवणारी. तिची जोडी ठेवली, तर इतरांची आशा थोडी सोडावी. पावडर ब्ल्यू टँग हा हिंद महासागराचा अप्रतिम अलंकार, पण शेपटीच्या मुळाशी नस्तरासारखा काटा, पोहायला लांब जागेची गरज, आणि रोगाला चटकन बळी. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. क्लाऊन ट्रिगर अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो, आणि कोळंबी, खेकडे, शंख यांचा चुरा करतो. ट्रिगरचाच धाक हवा असेल, तर त्या कुळातील त्यातल्या त्यात समंजस असा निळसर-काळा नायजर घ्यावा, तोही मोठ्या टाकीतच. गंमत अशी, की आपण पैसे मोजून आणतो तो हा मासा पश्चिम किनाऱ्यावरील ट्रॉलरच्या जाळ्यात टनावारी सापडतो आणि भुकटीच्या कारखान्यात जातो.

मुंबईकराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दगडी सांगाड्याचे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरील मूठभर प्रवाळ २०२० मध्ये हलवताना खुद्द महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा ‘जिवंत रीफ’ म्हणून कोणी पोवळ्याचा तुकडा पुढे केला, तर हात जोडावेत आणि कृत्रिम खडकांवर समाधान मानावे. माझ्या मते यात तोटा नाही. पोवळ्यांची काळजी नसली, की त्यांना कुरतडणारे एंजलही निवडीत येतात.

चार फूट लांब आणि दीड-दीड फूट उंच-रुंद टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते, म्हणजे दगड, काच आणि घडवंची धरून तीनशे किलोंहून अधिक भार. गिरगावातील लाकडी तुळयांच्या चाळीत तो ठेवण्याआधी जाणकाराला तुळई दाखवावी, आणि मेच्या उकाड्यात पाणी सव्वीस अंशांच्या आसपास राखणाऱ्या चिलरचा खर्च माशांच्या किमतीआधी मांडावा. इतक्या टाकीत माझी तजवीज अशी : शांत स्वभावाच्या क्लाऊनची एक जोडी, एक-दोन गोबी, आणि सर्वांत शेवटी एकच डॉटीबॅक. एम्परर आणि क्लाऊन ट्रिगर दुकानातच पाहावेत. आणि एखादा मासा फारच दांडगा निघाला, तर तो दुकानदाराला परत करावा, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, पण कोणत्याही परिस्थितीत चौपाटीवर नेऊन समुद्रात सोडू नये. आपल्याकडच्या समुद्रांतील लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला, तो बहुधा अशाच कोणा कंटाळलेल्या हौशी मालकाने सोडलेला असावा, आणि आज कॅरिबियन समुद्रातून त्याला हुसकून लावणे कोणालाही साधलेले नाही.