नफा होऊ द्या, फक्त वाटून घेऊ नका!

चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये दिलेत? मग एका ना-नफा संस्थेशी तुमची गाठ पडलीच. यूपीआयचा कारभार पाहणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही 2008 साली मुंबईत उभी राहिलेली ना-नफा कंपनी आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये, एकाच महिन्यात, यूपीआयवरून 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले.

ना-नफा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खांद्यावरची झोळी आणि पावतीपुस्तक येतं. कायदा मात्र कमाईच्या आड येत नाही. खर्च भागून उरलेला पैसा सभासदांनी वाटून घ्यायचा नाही, संस्थेच्या कामातच घालायचा, एवढीच अट. देशाचं क्रिकेट चालवणारं बीसीसीआय हे तामिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेलं मंडळ आहे, आणि त्याने आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना विकले!

टाटांचं उदाहरण तर आणखी वेगळं. टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे 66 टक्के शेअर्स धर्मादाय न्यासांच्या नावावर आहेत. कंपनीने लाभांश जाहीर केला की त्यातले तीनातले जवळपास दोन रुपये न्यासांच्या तिजोरीत जातात. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली याच न्यासांच्या पैशातून सुरू झालं.

पण माझ्या लेखी खरी कमाल गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायला मिनिटाभरातले श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या दाईला पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणं जड जायचं. मग एक साधं यंत्र तयार झालं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया! पुढे गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या आणि 39 गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. 2011 पासून केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात सेवेचं हे काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवलं. प्रयोगाचा धोका छोट्या संस्थेने पत्करला, पसारा सरकारने सांभाळला. ही वाटणी मला फार मोलाची वाटते.

आता जीडीपीचं गणित बघा. फुकट दिलेल्या सेवेला बाजारभाव नसतो, म्हणून तिची किंमत तिच्यावर झालेल्या खर्चाएवढीच धरतात. आरोग्यदूताने बाळ वाचवलं, तर हिशेबात येतं तिचं मानधन आणि औषधांचा खर्च. स्वयंसेवकाने वर्षभर रोज संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवलं, तर त्या कष्टांचं मोल शून्य. हा अन्याय आहे, आणि तो आकड्यांत दडून राहतो म्हणून जास्त टोचतो.

गोठ्यातली कमाई मात्र हिशेबात दिसते. गांधीजी 1946 मध्ये उरुळीकांचनला आले आणि तिथल्या निसर्गोपचार आश्रमाचं काम त्यांनी मणिभाई देसाईंवर सोपवलं. मणिभाईंनी 1967 मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. गाय माजावर आली की शेतकऱ्याने निरोप द्यायचा, आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपलेलं रेत घेऊन माणूस थेट दावणीपाशी हजर! जातिवंत वळू पोसणं ज्याच्या आवाक्याबाहेर होतं, त्याच्याही गोठ्यात संकरित कालवड आली आणि डेअरीत घालायला जास्त दूध मिळू लागलं.

शाळांचंही तसंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून जास्त शाखा आहेत. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले होते.

आज पैसा कुठून येतो? 2014 पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी काढावेच लागतात. देणगीदारांना नावाची पाटी लावता येईल अशी इमारत आवडते, कार्यकर्त्यांच्या पगाराचा विषय निघाला की हात आखडतो. अहो, श्वास मोजायला इमारत जात नाही, माणूस जातो! शेअर बाजाराने मात्र 2023 मध्ये एक नवी खिडकी उघडली. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर ना-नफा संस्थांचे असे रोखे नोंदवले जातात, ज्यांवर व्याज शून्य आणि मुद्दलही परत नाही. पहिल्याच इश्यूला घेणारे मिळाले.