तहकूब माल आणि मृगाची मुदत

मे महिन्याच्या उत्तरार्धात मंठ्याच्या बाजारपेठेतील कृषी सेवा केंद्रांपुढे जी गर्दी जमू लागते, ती खरेदीदारांची असते त्यापेक्षा पृच्छकांची अधिक असते. कपाशीच्या अमुक वाणाची नोंद महिन्यापूर्वीच केलेली, थोडाबहुत इसारही दिलेला, आणि आता प्रश्न एवढाच की माल केव्हा हाती पडणार. ज्या जालन्यात 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि त्या कार्याबद्दल त्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार लाभला, ते बियाण्यांचे आगर मंठ्यापासून अवघ्या साठेक किलोमीटरांवर आहे. मंठ्याला रेल्वे नाही, त्यासाठी परतूर गाठावे लागते, हे खरे. पण मालमोटारीला जालन्याचे अंतर दोन तासांचेही नाही. तेव्हा माल अडतो तो वाटेत नव्हे, दफ्तरात अडतो.

दफ्तरात अडण्याचे काही प्रकार सरळ आणि उघड आहेत. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशीचा जो संहार केला, त्यानंतर अळीचे जीवनचक्र तुटावे आणि 1 जूनपूर्वी लागवड होऊ नये, या हेतूने कृषी विभाग कपाशीच्या बियाण्यांच्या विक्रीच्या तारखा नेमून देऊ लागला. त्या तारखेपर्यंत सर्वांचीच मागणी सारखी तहकूब राहते. बियाण्याच्या एखाद्या साठ्याविषयी गुन्ह्याचा संशय आला, तर 1966 च्या बियाणे कायद्यान्वये निरीक्षक 30 दिवसांपर्यंत विक्रीबंदचा लेखी हुकूम देऊ शकतो. खताच्या बाबतीत पोती गोदामात रचलेली असूनही पॉस यंत्रात त्यांची आवक नोंदलेली नसेल, तर दुकानदाराला एक पोतेही देता येत नाही. या साऱ्या अडवणुकींनी मनस्ताप होतो खरा, परंतु त्यांना कारण आहे, कारणाला मुदत आहे आणि ते कोणापासून लपवलेले नाही. म्हणून ग्राहक त्या सोसतो.

खरे दुखणे निराळे आहे, आणि ते थकलेल्या बाकीचे आहे. शेतकऱ्याची गत हंगामाची उधारी कापूस विकला जाईपर्यंत केंद्रचालकाकडे थकलेली असते; केंद्रचालकाची वितरकाकडे, आणि वितरकाची कंपनीकडे. कंपनीच्या संगणकात प्रत्येकाच्या उधारीची मर्यादा भरून ठेवलेली असते, ती ओलांडली गेली की नवी मागणी आपोआप अडकून बसते, आणि कंपनीचा प्रतिनिधी फोनवर ‘ऑर्डर होल्डला पडली’ एवढेच सांगून मोकळा होतो. मग केंद्रचालक शेतकऱ्यांचा इसार गोळा करून, त्यात पदरची भर घालून, नव्या मालासाठी म्हणून रक्कम धाडतो. ती जुन्या खात्यात जमा होते, आणि मागणी जिथल्या तिथेच राहते! पैसे गेले, माल नाही, आणि जबाब देणारा कोणी नाही, अशी ही त्रिशंकू अवस्था दरवर्षी मृगाच्या तोंडावर कोठे ना कोठे उद्भवते.

या व्यवहाराविषयी 1872 चा करार कायदा बराच स्पष्ट आहे. देणेकऱ्याने अमुक देण्यापोटी म्हणून रक्कम दिली आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यापोटी जमा केली पाहिजे, असे कलम 59 सांगते. देणाऱ्याने काहीच सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही काही सूचित होत नसेल, तर मात्र कलम 60 प्रमाणे ती निवड घेणाऱ्याची. म्हणजे रक्कम पाठवताना ‘नव्या मागणीपोटी’ असे मागणीच्या क्रमांकासह लिहून कळवण्याचा जो आळस आपले व्यापारी करतात, त्याची किंमत पुष्कळदा अख्ख्या हंगामाइतकी असते. 1930 च्या माल विक्री कायद्याने किंमत चुकती न झालेल्या विक्रेत्याला माल अडवून धरण्याचा हक्क दिला आहे, पण तोही त्याच मालाच्या किमतीपुरता. मागल्या सर्व बाकीसाठी हाती आलेली वस्तू अडवण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम 171 ने बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विम्याचे दलाल एवढ्यांनाच दिला असून, इतरांना तसा स्पष्ट करार दाखवावा लागतो. जुनी बाकी थकली असता नवी मागणी स्वीकारायचीच नाही, हे स्वातंत्र्य विक्रेत्याला अर्थातच आहे. ते त्याने एप्रिलमध्ये वापरावे. मागणी घ्यायची, रक्कम ठेवून घ्यायची आणि जूनमध्ये तिला वसुलीचे हत्यार करायचे, हा व्यापार नव्हे.

कारण जून कोणासाठी थांबत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये असे कृषी विभाग सांगतो, आणि तेवढा पाऊस पडला की वाफसा येताच साऱ्या शिवाराला एकाच आठवड्यात बियाणे हवे असते. मूग-उडदाला तर जुलैचा पहिला आठवडा उलटला की अर्थच राहत नाही. अशा करारात वेळ हाच कराराचा प्राण ठरतो आणि ती टळल्यास करार मोडण्याचा पर्याय घेणाऱ्याला मिळतो. परंतु उशिरा आलेला माल त्याने मुकाट्याने उतरवून घेतला आणि त्याच वेळी भरपाईची सूचना दिली नाही, तर मागाहून तिच्यावर हक्क सांगता येत नाही, हे करार कायद्याच्या कलम 55 चे उत्तरांग सहसा कोणाच्या ध्यानी नसते.

यावर उपाय आहे तो कारकुनी स्वरूपाचा, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. तहकूब मागण्यांची वही रोजकीर्दीहून निराळी असावी. तीत प्रत्येक मागणीपुढे अडण्याचे कारण, ते दूर करण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याचे नाव आणि निर्णयाची तारीख असावी, आणि ती वही रोज सायंकाळी कोणीतरी जबाबदार माणसाने वाचावी. कारणावाचून अडलेली मागणी हा हिशेबातील दोष समजावा. दहा पाकिटांपैकी सहाच उपलब्ध असतील, तर ग्राहकाला विचारून ती सहा तत्काळ द्यावीत; वाण बदलायचा झाल्यास त्याच्या संमतीनेच बदलावा, कारण हलक्या जमिनीचे वाण काळ्या भारी रानात खपवणे ही सोय विक्रेत्याची असते, पेरणाऱ्याची नव्हे. जुन्या बाकीचा तगादा मात्र वेगळ्या माणसाने, वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर करावा. तो करूच नये असे कोण म्हणेल?

राहता राहिला इसार. मागणी अखेर रद्दच झाली तर तो परत करण्याऐवजी पुढील हंगामासाठी खात्यावर जमा दाखवण्याकडे पुष्कळांचा कल असतो, आणि वरवर पाहता त्यात कोणाचे नुकसान दिसत नाही. पण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कपाशी हुकलेल्या शेतकऱ्याला तुरीकडे किंवा सोयाबीनकडे वळायचे असते, ते बियाणे त्या दुकानी असेलच असे नाही, आणि शेजारच्या दुकानात त्याला खात्यावरचा आकडा नव्हे, रोख पैसे मोजावे लागतात. तेव्हा मागणी रद्द झाल्याचे ज्या दिवशी ठरेल, त्याच दिवशी इसारही रोख परत झाला पाहिजे.