वेगवान मोटार आणि विम्याचा कागद

चिरंजीवांना हौसेने वेगवान मोटार घेऊन देणाऱ्या पालकांना विम्याचा हप्ता फारसा जाचत नाही. ब्रिटनमध्ये विमा कंपनी आधी चालकाचे वय पाहते आणि तरुणाकडून जबर हप्ता घेते. आपल्याकडे सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा दर ठरतो तो इंजिनाच्या घनक्षमतेवर. १ जून २०२२च्या दरांनुसार नव्या मोटारीचा तीन वर्षांचा हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, तर १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये. ह्युंदाई आय-२० एन लाइनचे टर्बो इंजिन ९९८ सीसीचे. शक्ती सुमारे १२० अश्वशक्ती, पण हप्ता साध्या छोट्या गाडीचाच!

मेख आहे ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत. वेग वाढावा म्हणून मुले इंजिनाचे ‘रिमॅपिंग’ करून घेतात, सायलेन्सर बदलतात आणि कंपनीला (बहुधा वडिलांनाही) कळवीत नाहीत. अपघातानंतर सर्वेक्षक तो बदल टिपतो आणि दावा नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नेही अशा बदलांवर निर्बंध आहेत. गाडी गॅरेजमध्ये पडून राहते. कर्जाचा हप्ता मात्र बँक दरमहा वसूल करते, हे मी नोकरीच्या काळात पाहिले आहे.

‘झिरो डेप्रिसिएशन’ची जोड अवश्य घ्यावी. ती नसेल तर प्लॅस्टिक व रबरी भागांची निम्मीच किंमत मिळते, आणि आजचे बंपर प्लॅस्टिकचेच असतात.