प्रयोगशाळेची फरशी

नांदेडास १९८८ सालीं व लातुरास २००२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. अशा ठिकाणीं रोग्याच्या मांसाचा लहानसा तुकडा मेणांत बसवून त्याचे मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतके पातळ काप काढितात. त्या वेळीं मेणाचा कीस खालीं पडतो व पायांखालीं चिरडून फरशी निसरडी होते. झायलीन नांवाच्या द्रवांत तो विरघळतो. परंतु त्या द्रवाची वाफ अपायकारक व पेट घेणारी असते. यास्तव बोथट पट्टीनें मेण खरवडून, केर भरून, मग साबणाच्या पाण्यानें फरशी पुसावी व कोरडी करावी. काप नेणाराचा पाय घसरल्यास त्यास इजा होईलच, पण रोगाचा क्वचित् पुन्हां न मिळणारा पुरावाही फुटेल. म्हणून फरशी झाडणाराचें काम आम्ही वैद्याच्या कामाइतकेंच मोलाचें मानितों.